सत्तरीपुढच्या माणसाचं ऑपरेशन आणि भूल: नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत जत, आटपाडी, शिराळ्यापासून थेट अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट ऑपरेशनला येतात, आणि त्यांतले कितीतरी सत्तरीच्या पुढचे असतात. सर्जनशी बोलणं आधीच झालेलं असतं. भूलतज्ज्ञ मात्र बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा भेटतो. तोवर पेशंट थकलेला असतो, घरचे पैशांच्या नि रक्ताच्या जुळवाजुळवीत असतात, आणि विचारायचं ते राहून जातं. मी भूलतज्ज्ञ आहे. रोज कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. तुमच्या माणसाला काय लागू पडतं, विशेषतः गोळ्यांच्या बाबतीत, ते त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा.

आई ८२ वर्षांची आहे. या वयात भूल झेपेल का?

बहुतेकांना झेपते. नुसत्या वयावरून आम्ही हो-नाही ठरवत नाही. आम्ही विचारतो ते असं: घरात आधाराशिवाय चालतात का? दोन जिने न थांबता चढतात का? गेल्या सहा महिन्यांत कपडे सैल व्हायला लागलेत का? वर्षभरात कितीदा पडल्या? आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, हे आठवतं का? रोज जनावरांना वैरण टाकणारे ८५ वर्षांचे आबा भूल चांगली सोसतात. वर्षभर खाटेवर असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाची आम्हाला जास्त काळजी वाटते.

वय वाढलं की हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं रोजचं काम भागवतात, पण रक्त गेलं किंवा ताप भरला तर वरचं काम त्यांना ओढवत नाही. औषधं कमी लागतात आणि अंगात जास्त वेळ राहतात. श्वासातून देण्याच्या भुलीच्या वायूची गरज चाळिशीनंतर दर दहा वर्षांमागे साधारण ६ टक्क्यांनी कमी होत जाते. झोपवण्याचं प्रोपोफॉल नावाचं इंजेक्शन तरुणापेक्षा बरंच कमी आणि अगदी सावकाश द्यावं लागतं. घाईने दिलं तर ब्लडप्रेशर एकदम खाली येतं.

जोखीम असतेच, आणि ती तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगणं आमचं काम आहे. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा रात्री-अपरात्री आतडं अडकल्यावर करावं लागणारं ऑपरेशन कितीतरी जास्त धोक्याचं. सर्जनने हर्नियाचं ऑपरेशन सुचवलं असेल, तर "आता या वयात कशाला" म्हणून ते वर्षानुवर्षं टाळत राहू नका.

पूर्ण भूल नको, कमरेखालचीच द्या. तीच सुरक्षित ना?

जवळजवळ प्रत्येक घरातून ही विनंती येते. कमरेखालच्या भुलीत मणक्यांच्या मधून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थोडं औषध सोडतात. दोन-तीन तास कमरेखालचा भाग बधिर राहतो, श्वास माणूस स्वतःच घेतो. दमेकऱ्याला, आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाला याचा फायदा होतो. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात आणखी एक फायदा आहे. धुण्यासाठी सोडलेलं पाणी जास्त प्रमाणात रक्तात शिरलं तर पेशंट अस्वस्थ होतो, असंबद्ध बोलायला लागतो, आणि तो जागा असल्यामुळे ते आम्हाला लगेच कळतं.

पण कमरेखालच्या भुलीनेही ब्लडप्रेशर उतरतं, वयस्कर माणसात जरा जास्तच. हृदयातून मोठ्या धमनीत उघडणारी झडप फार अरुंद झालेली असेल तर हे उतरणं महागात पडतं. रक्त पातळ करणारी काही औषधं अंगात असताना मणक्यात सुई घातली तर तिथे रक्त साठून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. अशा वेळी काळजीपूर्वक दिलेली पूर्ण भूलच बरी.

अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांत खुब्याचं हाड मोडलेल्या पन्नाशीपुढच्या १६०० पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमरेखालची भूल, निम्म्यांना पूर्ण. ६० दिवसांनी किती जण दगावले किंवा चालू शकत नव्हते, हे पाहिलं तर दोन्हीकडे प्रमाण सारखंच, १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मी घरच्यांना सांगतो, भुलीचा प्रकार पेशंटकडे बघून आम्हाला ठरवू द्या. तुम्ही आम्हाला खरी माहिती द्या, त्याने जास्त फरक पडतो.

मणक्यात सुई दिली की कायमची कंबर दुखते म्हणतात.

सुई टोचलेल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, ते थांबतं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी बहुतेक वेळा आधीचीच असते: झिजलेले मणके, ठिसूळ हाडं, शेतातलं वाकून काम. या भुलीनंतर काहींचं डोकं दुखतं, पण तो त्रास तरुणांना जास्त होतो, म्हाताऱ्यांना कमी.

चालू गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या?

आधी एक काम करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, थेंब, मलम, चूर्ण, काढे एका पिशवीत घालून घेऊन या. कागदावरची यादी पुरत नाही. पिशवी टेबलावर रिकामी केली की खरं चित्र दिसतं. ब्लडप्रेशरच्या दोन पट्ट्या निघतात, नावं वेगळी, रंग वेगळे, एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, एक मिरजेहून आणलेली. दोन्हींवर बारीक अक्षरात टेल्मिसार्टन. आज्जी दोन्ही घेत असतात, आणि उठलं की गरगरतं म्हणत असतात. खाली झोपेची गोळी, जी घरात कुणालाच माहीत नसते. आणि कधी कधी गुडघेदुखीची बिनानावाची पुडी.

या पुडीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. नाव नसलेल्या अशा औषधांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं झटक्यात थांबतं म्हणून माणूस वर्षभर घेतो, आणि शरीर आपलं स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं कमी करतं. ऑपरेशनच्या ताणात ते पुरत नाही आणि ब्लडप्रेशर खाली जातं. आधी कळलं तर आम्ही इंजेक्शनने ती कमतरता भरून काढतो. तेव्हा ते कुठून आणलं हे सांगायला संकोच वाटला तरी पुडी दाखवा. कुणी रागावणार नाही.

आता नेहमीच्या गोळ्या. ब्लडप्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या जातीची गोळी तर अचानक तोडायचीच नाही, त्याने हृदयावर ताण येतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल मात्र पुष्कळदा २४ तास आधी थांबवायला सांगतात, कारण भुलीत ब्लडप्रेशर उतरून लवकर वर येत नाही. थायरॉइडची, फिटची, कंपवाताची गोळी आणि दम्याचा पंप चालूच ठेवायचा.

शुगरच्या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळी घेत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या दोन तर ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्या चालू असताना उपाशी राहिलं तर शुगर नॉर्मल दिसते आणि आतून रक्तात आम्ल वाढत जातं. त्या बऱ्याचदा दुसऱ्या गोळीत मिसळून येतात, म्हणून पट्टीची मागची बाजू वाचायची. इन्शुलिन पूर्ण बंद करू नका, किती कमी करायचं ते विचारा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय घरी बसून घेऊ नका. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन ५ दिवस आधी आणि मग रक्त तपासून. अ‍ॅस्पिरिन कित्येकदा चालूच ठेवतात. हृदयात स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील, तर गोळी बंद केल्यावर स्टेंट बुजून झटका येऊ शकतो. त्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करूनच पुढे जातात, आणि जमत असेल तर ऑपरेशनच लांबवतात. हार्ट अ‍ॅटॅक येऊन ६० दिवस झाले नसतील, तर थांबण्यासारखं ऑपरेशन आम्ही थांबवतो. लकव्यानंतर किमान ३ महिने.

आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा द्यायचं नाही का?

जेवणाला आणि पाण्याला वेगवेगळे नियम आहेत. तेलकट-तळलेलं, मटण वगैरे खाल्लं असेल तर ८ तास, हलकं जेवण किंवा दूध ६ तास, साधं पाणी २ तास. दुधाचा चहा दुधातच धरायचा. कोरा चहा पाण्यात.

"रात्री दहानंतर काही देऊ नका" असं सरसकट सांगितलं जातं आणि ऑपरेशनचा नंबर दुपारी एकला लागतो. पंधरा तास कोरड्या घशाने बसलेल्या आज्जींना तहान लागत नाही म्हणून त्या मागतही नाहीत; वयाबरोबर तहानेची जाणीवच बोथट होते. मग सलाईनची शीर सापडत नाही, भूल दिल्याबरोबर ब्लडप्रेशर पडतं, नंतर माणूस भांबावतो. तेव्हा "आमचा नंबर साधारण किती वाजता, आणि पाणी किती वाजेपर्यंत देऊ?" असं सिस्टरना किंवा भूलतज्ज्ञाला स्वतःहून विचारा. एकादशीच्या आसपास तारीख आली असेल तर आदल्या दिवसाचा कडक उपवास या वेळेपुरता सोडायला सांगा.

ज्यांचं पोट उशिरा रिकामं होतं त्यांना हे तास पुरत नाहीत. जुनी शुगर, आतडं अडकणं, वजन कमी करायचं सेमाग्लुटाइडसारखं औषध, यांपैकी काही असेल तर आधी सांगा. आणि चुकून चहा दिला असेल तर लपवू नका. पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर तो जिवाशी खेळ होतो. ऑपरेशन काही तास पुढे गेल्याने काही बिघडत नाही.

कवळी, दागिने, चष्मा यांचं काय?

कवळी काढून डबीत ठेवा. हलणारा दात आवर्जून दाखवा, विशेषतः मिशरी लावणाऱ्या आज्जींचा. हिरड्या सैल झालेल्या असतात, श्वासासाठीची नळी घालताना दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. मिशरी हा तंबाखूच आहे, तीही सांगायची. जोडवी, नथ, बांगड्या काढायच्या. न निघणारी अंगठी आधी दाखवा. चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र थिएटरच्या दारापर्यंत राहू दे, आणि शुद्धीवर आल्याबरोबर परत द्या. त्याचं कारण पुढे येतं.

बाथरूममध्ये पडून खुबा मोडलाय. तब्येत सुधारेपर्यंत थांबावं का?

सहसा थांबू नये. शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं. मोडक्या हाडाने पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी धरते, लघवीत जंतू होतात. आठवडाभर थांबल्यावर तब्येत सुधारलेली नसते, घसरलेली असते. मालीश, पट्टी, झाडपाला यांत गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

ऑपरेशनसाठी फिटनेसचा दाखला मिळवायला इथून तिथे फिरण्यातही दिवस जातात. ईसीजी, रक्त, शुगर, मूत्रपिंडाच्या तपासण्या लागतातच. टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, प्रत्येकाला लागत नाही. दम लागत असेल, पायाला सूज असेल, छातीत वेगळा आवाज येत असेल तर करावी, आणि तीही त्याच दिवशी. क्लोपिडोग्रेल चालू असेल तरी खुब्यासाठी आठवडाभर थांबण्यापेक्षा पूर्ण भूल देऊन ऑपरेशन उरकणं आम्ही बहुधा पसंत करतो.

दाखल झाल्याबरोबर एक गोष्ट मागा: जांघेपाशी सोनोग्राफीने बघून नसेभोवती बधिर करण्याचं इंजेक्शन देता येईल का? ते दिल्यावर कूस बदलताना ओरडणारा माणूस शांत झोपतो, आणि गुंगीची औषधं कमी लागतात.

ऑपरेशन चांगलं झालं, पण रात्री वडील वेड्यासारखं वागायला लागले. भुलीचा डोस जास्त झाला का?

हा प्रश्न रडत विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

वडिलांना वेड लागलेलं नाही. याला डिलिरियम म्हणतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक ते तीन दिवसांत, बहुधा संध्याकाळनंतर हे सुरू होतं. दुपारी नीट बोलणारा माणूस रात्री दोनला उठून बसतो, सलाईन ओढतो, "लाईट आली असेल, मोटर चालू करायला पाहिजे" म्हणून कॉटवरून पाय खाली सोडतो. आयुष्यभर रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी दिलेल्या माणसाला ते अगदी खरं वाटत असतं. सकाळी पुन्हा बरा. याची दुसरी तऱ्हा गप्प बसण्याची: माणूस नुसता पडून राहतो, खात नाही, विचारलं तर हूं म्हणतो. घरच्यांना वाटतं थकलेत, झोपू दे. ही तऱ्हा सहज नजरेतून सुटते आणि तितकीच गंभीर असते.

भुलीचा त्यात वाटा असतो, पण ती एकटी नसते. आधीचा विसरभोळेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, न शमलेलं दुखणं, तुंबलेली लघवी, चार दिवस शौचाला न होणं, जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम किंवा शुगर, झोपमोड, हे सगळं मिळून होतं. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेसाठीच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या-इंजेक्शनं यांनी ते वाढतं, म्हणून आम्ही ती टाळतो. रोज दारू पिणाऱ्या माणसाला ती अचानक तुटल्यानेही असं होतं. मुलांसमोर वडील "कधीतरी" म्हणतात. खरं प्रमाण आम्हाला बाजूला घेऊन सांगा.

इथे घरच्या माणसाचा उपयोग कोणत्याही इंजेक्शनपेक्षा जास्त होतो. ओळखीचं एक माणूस जवळ हवं, शक्यतो रात्रीही. चष्मा लावा, कानाचं यंत्र घाला. "तात्या, मी बाळू. आपण मिरजेत दवाखान्यात आहोत, पायाचं ऑपरेशन झालंय, आज मंगळवार," असं शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा. वाद घालू नका, हसू नका. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. डॉक्टरांनी परवानगी दिली की उठवून बसवा, चालवा. जतकडच्या कितीतरी आज्जी घरी कन्नड बोलतात. वॉर्डात सगळे मराठीत विचारतात आणि आज्जी उत्तर देत नाहीत म्हणून त्यांना भ्रम झालाय असं लिहिलं जातं. नातीने कन्नडमध्ये हाक मारली की त्या नीट बोलतात. घरची भाषा कोणती ते आधीच सांगून ठेवा.

भावकीतली पंधरा माणसं एकदम भेटायला आणू नका. हात-पाय बांधायला तुम्ही स्वतःहून सुचवू नका, त्याने घाबरणं वाढतं. आणि सकाळची वाट न बघता त्याच वेळी ड्युटीवरच्या डॉक्टरांना कळवा, कारण यामागे लघवी तुंबणं किंवा ऑक्सिजन कमी होणं असेल तर ते तेव्हाच बघायला लागतं.

मग स्मरणशक्ती कायमची जाते का?

बहुतेकांचा गोंधळ काही दिवसांत ओसरतो. काहींना हिशेब, नावं, लक्ष लागणं पूर्ववत व्हायला आठवडे किंवा महिने लागतात. ज्यांना आधीपासून विसरायला होत होतं, त्यांचं ते ऑपरेशननंतर उघड दिसायला लागतं. म्हणून "हल्ली गॅस चालूच ठेवतात", "एकच गोष्ट तीनदा सांगतात" अशा गोष्टी आधीच कळवा.

मोतीबिंदूलाही एवढं सगळं लागतं का?

नाही. डोळ्यात बधिर करणारे थेंब किंवा डोळ्याजवळ एक इंजेक्शन, बहुतेक वेळा इतकंच. महत्त्वाचा प्रश्न एकच: अर्धा तास सपाट, न खोकता, न हलता पडून राहता येईल का? खोकला, दम किंवा मान थरथरत असेल तर तारीख घेतानाच सांगा.

आई घाबरेल म्हणून ऑपरेशन आहे हे तिला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

प्रेमापोटीच म्हणता, पण हे मी मान्य करत नाही. शरीर त्यांचं आहे. "तपासायला नेतोय" म्हणून आणलेल्या आईला थिएटरमध्ये मास्क लावलेली अनोळखी माणसं घेरतात, तेव्हा तिची नाडी १३० वर गेलेली मी बघतो. शुद्धीवर आल्यावर पोटाला पट्टी दिसते, आणि मुलांवरचा विश्वासच उडतो. त्यांना झेपेल एवढं, सोप्या शब्दांत सांगा. तुम्हाला जमत नसेल तर माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाला सांगा, आम्ही शेजारी बसून सांगतो. बऱ्याच आज्जी शांतपणे ऐकतात आणि आम्ही कल्पनाही केली नसेल असं विचारतात: "पुन्हा माझी मी उठून चुलीपाशी जाईन का?" उपचार किती ताणायचे, हे ठरवायलाही तेच उत्तर उपयोगी पडतं.

नंतर आयसीयूत कशाला ठेवता?

बऱ्याचदा एका रात्रीच्या देखरेखीसाठी. व्हेंटिलेटर लागणारच असं नाही. लागण्याची शक्यता असेल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगितलं गेलं पाहिजे. नसेल सांगितलं तर विचारा.

बिडी कधी सोडायची?

आज. चार आठवडे किंवा जास्त मिळाले तर छातीला खरा फायदा होतो, पण एक दिवस बंद ठेवली तरी रक्तातला विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं यंत्र देतात, त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. ऑपरेशनच्या आधीच सराव करून घ्या.

घरी नेल्यावर काय बघायचं?

लघवी होते का, शौचाला होतं का, दिवसातून चार वेळा घरातल्या घरात चालतात का. दुखलं तर आधी पॅरासिटामॉल, ठरलेल्या वेळांना. मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक आणू नका. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर दोन दिवसांत लघवी कमी होते. एका पायाच्या पोटरीला सूज, अचानक दम, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, पुन्हा बरळणं, यांपैकी काही दिसलं तर फोनवर विचारत बसू नका, घेऊन या.

आणि डिस्चार्जच्या कागदावर बंद केलेल्या प्रत्येक गोळीसमोर ती पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख लिहून मागा. रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनसाठी थांबवली आणि कुणी सांगितलं नाही म्हणून बंदच राहिली, आणि महिन्याने माणूस लकवा होऊन परत आला, असं घडतं. तारीख लिहिली नसेल तर कागद तिथेच परत द्या आणि लिहून घेतल्यावरच गाडीत बसा.